ताई, पाणी घाल

३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या शुश्रूषागृहातल्या त्या मदरचं पत्र परवा मिळालं. पाकिटावरचं अक्षर अनोळखी, म्हणून आधी वाटलं, पेन्शनच्या कचेरीतून काहीतरी नवीन खुसपट निघालं. उघडलं तर तुझी खबर. तुझी नजर गेल्यामुळे त्या तुझ्यासाठी लिहितात आणि माझं उत्तरही त्याच तुला वाचून दाखवणार आहेत. यकृतात पसरलंय आणि डॉक्टरांनी हात टेकलेत, हेही त्यांनीच कळवलं. अकरा वर्षांनी सख्ख्या बहिणीचं काही कळलं ते असं, छापील कागदावर, वर खाट नंबरासकट.

फोनवर यायला तू तयार नाहीस म्हणे. आवाज नको, लिहून पाठव. बरं, लिहिते.

आधी नर्स म्हणून बोलते, मग बहीण म्हणून. दुखत असेल तर दुखतंय म्हणून सांग. देवासाठी सोसतेय वगैरे करू नकोस. दर चार तासांनी औषध मिळालं पाहिजे, तू मागो वा न मागो. मदर, हे तुमच्यासाठीही आहे.

आता आईचा विषय. मी काढणार नव्हते, पण तो मधे बसलाच आहे तर निदान त्याला खुर्ची तरी देऊ. दफनाच्या दिवशी फाटकापाशी तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "आईला तू तशीच पाठवलीस. जाताना लावायचं पवित्र तेल नाही, पापांची कबुली नाही, काही नाही." फादरना बोलवायला मी उशीर केला, हे खरं आहे. मला वाटलं होतं, ती अजून दोन दिवस काढेल. छत्तीस वर्षं माणसं जाताना आणि येताना पाहिली आणि आपल्याच आईच्या बाबतीत अंदाज चुकला. मला त्याचं वाईट वाटत नाही असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखतच नाहीस.

पण त्याच दमात तू आणखी एक बोललीस. "माझ्या लेकीसाठी तू जे केलंस, तेवढं तुझ्या बाजूने आहे. त्यासाठी रोज तुझं नाव प्रार्थनेत घेईन. पण तोंड बघणार नाही." आणि बघितलं नाहीस. तुझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीलाही मला कळवलं नाहीस, मला तिसऱ्याकडून कळलं.

आणि आता मदर लिहितात की तुला तेच ऐकायचंय. बाळाला पाणी कसं घातलं, कुठले शब्द म्हटले, ती रडली का. जायच्या आधी सगळं नीट ऐकायचंय. ठीक आहे, ऐक.

दुपारची वेळ होती. तुझे दिवस भरायला सहा आठवडे होते. डॉक्टर शेजारच्या खोलीत ऑपरेशनमध्ये अडकलेले, इकडे मी आणि एक आया. फडताळावर ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या वरच्या अंगाला एक पांढरं इनॅमलचं भांडं असायचं, रोज सकाळी ताजं पाणी भरून रुमालाने झाकलेलं. आमच्या मिशन हॉस्पिटलची ती रीतच होती. मूल जगेलसं दिसत नसेल आणि फादर जवळ नसतील, तर जो हाताशी असेल त्याने बाप्तिस्मा द्यायचा. नर्स, आया, अगदी झाडूवाली असली तरी चालते. बाळ जिवंत मात्र हवं. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला हे शिकवत, इंजेक्शन धरायला शिकवायच्याही आधी.

तुझी मुलगी जन्मली ती निळसर. तू ओरडलीस, "ताई, पाणी घाल!" मी घातलं. कोमट होतं. कपाळावरून मागे, तीन वेळा. तू ठरवलेलं नाव घेतलं आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हटलं. तिने डोळे उघडले. मांजराच्या पिलासारखी बारीकशी रडलीसुद्धा. मग गेली.

झालं समाधान? उशीला टेकून नीट झोप. गुडघा दुखतोय म्हणून मला प्रवास जमत नाही, नाहीतर आले असते. तू येऊ दिलं असतंस की नाही, ते वेगळं.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

माझं पत्र तू उशीखाली ठेवतेस आणि रोज सकाळी वाचून घेतेस, असं मदर लिहितात. "मी गेले की आधी तिला उचलून घेणार," असं सगळ्या वॉर्डाला सांगतेस म्हणे. एकतीस वर्षांची झाली असेल ती, तुला उचलवणार आहे का? की तिथे वाढत नाहीत? आम्हाला धर्मशिक्षणाच्या तासाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

चेष्टा केली. राग मानू नकोस.

मदरनी त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईबद्दलही लिहिलंय. शिवणकाम करायची, तिचं पहिलं बाळ बाप्तिस्म्याच्या पाण्याविना गेलं होतं. माझं पत्र वाचायला सुरुवात झाली की ती भिंतीकडे तोंड करते, आणि संपलं की विचारते, "माझं कुठे असेल हो?" आणि तू तिला म्हणालीस, "तुझं तिथे नसेल गं. पण त्याला दुखतही नसेल."

हे तू म्हणालीस? मरणाच्या दारात असलेल्या बाईला?

मला चौथीतला तो तास आठवला. मी मोठ्या वर्गातून तुला घ्यायला आले होते. बाईंनी फळ्यावर खडूने काढलं होतं: वर स्वर्ग, खाली नरक, मधे शुद्धिस्थान, आणि बाजूला एक रिकामा चौकोन. बाप्तिस्मा न झालेल्या बाळांचा. तिथे आग नाही, दुखत नाही, पण देव कधीच दिसणार नाही. तू हात वर करून विचारलंस, "आणि त्यांची आई?" बाई म्हणाल्या, "आई चांगली असेल तर स्वर्गात जाईल." तू विचारलंस, "मग भेटणार कधी?" बाईंनी फळा पुसायला घेतला. घरी येईपर्यंत तू रडत होतीस, आणि मी तुला पाठंगुळीला घेऊन चालत होते.

परवा आमच्या नव्या फादरना मी सहज विचारलं, ओळखीतल्या एका बाईसाठी म्हणून. पोरगेलेसे आहेत, पण ऐकून घेतात. म्हणाले, तो चौकोन ही श्रद्धेची पक्की शिकवण कधीच नव्हती. अशा बाळांना आपण देवाच्या दयेवर सोपवतो आणि आशा बाळगतो. मी म्हटलं, "आशा म्हणजे नक्की का?" तर म्हणाले, "आशा म्हणजे आशा, मावशी. नक्की म्हणायला मी कोण?"

पक्की नव्हती म्हणे! आमच्या दफनभूमीच्या कुंपणाबाहेर रांगेने दगड आहेत, त्यांच्यावर नावंसुद्धा नाहीत. ती बाळं पुरणाऱ्या बापांना कुणी सांगितलं होतं का, की हे अजून पक्कं नाही, जरा थांबा? माझं डोकं फिरलं. चहा पुढे केला होता त्यांनी, तो तसाच टाकून आले.

त्या शिवणकामवालीला सांग की फादर असं असं म्हणाले. तिला तरी सांग.

ताई


६ मार्च

धाकटे,

मदर, हे पत्र वाचताना तिच्याजवळ बसा. आधी तिचं औषध झालंय का बघा. आणि वॉर्डात मोठ्याने वाचू नका, तिच्या कानाशी वाचा.

शनिवारी मी फादरांकडे जाऊन कबुली दिली. एकतीस वर्षांत किती वेळा त्या जाळीपाशी गुडघे टेकले असतील, सगळं सांगितलं, शेजारणीशी भांडल्याचं सांगितलं, हे एक सोडून. या वेळी सांगितलं. त्यांनी क्षमा दिली. तुला कळवायलाच हवं असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, बहीण शांतपणे जात असेल तर नीट विचार करा. मी आठवडाभर विचार केला.

माझं म्हणणं असं आहे. तू तिथे पोचशील. तू पोचशीलच, त्याची मला शंका नाही. आणि गेल्या गेल्या तिला शोधशील. ती तिथे नसली तर? तर तुला तिथे कळेल की ताई खोटं बोलली, आणि तुला जाब विचारायला मी समोर नसेन. हे मला सहन होत नाही. ओरडायचं असेल तर आत्ताच ओरड, मी अजून इथे आहे.

बाळाचा बाप्तिस्मा झाला नाही.

पहिल्या पत्रातलं पाणी कोमट नव्हतं. सकाळी भरलेलं पाणी दुपारी कोमट कुठून असणार? ती रडली नाही. तिने डोळे उघडले नाहीत. मी तिच्या नाकातोंडावर जाळीचं कापड ठेवून फुंकत होते. एवढ्याशा बाळाला गालात मावेल तेवढीच हवा द्यायची असते, जास्त दिली तर छाती फुटते. दोन बोटांनी छाती दाबायची, मग फुंकर, पुन्हा दाबायची. तू पाण्यासाठी ओरडत होतीस, मी फुंकत होते, आया तुला धरून होती. कितीतरी वेळ. मग नाळेच्या मुळाशी बोट ठेवलं तर ठोका लागेना. स्टेथोस्कोप लावून घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट ऐकलं. काही नव्हतं.

मग मी पाणी घेतलं.

गेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. शंका असेल तर म्हणायचे वेगळे शब्द असतात, "तू जिवंत असशील तर" असे सुरू होणारे. मला शंका नव्हती, म्हणून मी तेही म्हटले नाहीत. मी कुठलेच शब्द म्हटले नाहीत. तू हात पुढे केला होतास. तिच्या डोक्यावरून हात फिरवशील तेव्हा केस ओले लागावेत, म्हणून मी ते ओले केले. तू हात फिरवलास आणि म्हणालीस, "झालं ना?" मी म्हटलं, "झालं."

तेवढा एक शब्द. पुढचं सगळं त्याच्यामागून आलं. जुन्या फादरनी विचारलं, जिवंत होती का, मी हो म्हटलं. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा देणारी म्हणून सही केली. म्हणून ती कुंपणाच्या आत आहे, नावासकट. तुझा नवरा माझ्या पाया पडायचा बाकी होता. आणि तू दर वर्षी त्या दिवशी चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्सा सांगायचीस, आणि मी शेजारी बसून आमेन म्हणायचे.

मी हे तुझ्यासाठी केलं असं म्हणणार नाही. त्या क्षणी मला तुझं तोंड बघवलं नाही, एवढंच खरं. नंतर सांगायची हिंमत झाली नाही. आणि आईच्या मरणानंतर तू तेवढंच माझ्या बाजूने धरलंस, ते गेलं तर माझ्याकडे तुझं असं काय उरलं असतं?

शिव्या घालायच्या तर घाल. पण मदरकडून लिहून पाठव. नुसतं गप्प बसू नकोस. अकरा वर्षं पुरे झाली.

ताई


२६ मार्च

आदरणीय फादर,

येत्या रविवारी मी ख्रिस्तप्रसादाला पुढे येणार नाही. पुढच्याही नाही. तुम्ही गुडघ्याची चौकशी कराल, म्हणून आधीच लिहिते. समोर आले तर तुम्ही मला समजवाल, आणि तुम्हाला चांगलं समजावता येतं. हे पत्र हॉस्पिटलातल्या आयाच्या हाती देतेय, ती वाचणार नाही, तिला वाचता येत नाही.

बहिणीचं उत्तर आलं. तुम्हाला वाटलं होतं तसं झालं नाही आणि मला वाटलं होतं तसंही नाही. मदर लिहितात, पत्र तिने सकाळी ऐकलं. संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "आपल्या दोघींची एकाच ठिकाणी आहेत." मग मदरना कागद घ्यायला सांगितला. ती बोलली तसं मदरनी उतरवलंय, ते इथे लिहिते:

"ताईला विचारा. पाण्याचं राहू दे, ते देव आणि मी बघून घेऊ. मी पाणी घाल म्हणून ओरडले, तेव्हा तिने फुंकायचं थांबवलं होतं का? एवढंच सांग म्हणावं. मला एकतीस वर्षं वाटतंय की मी पाणी मागितलं म्हणून ताईने फुंकणं सोडलं. मी लेकीला स्वर्ग मागितला आणि तिचा जीव घालवला. म्हणून मला ताईचं तोंड बघवत नव्हतं. आईचं आपलं निमित्त झालं. आता ती म्हणते, पाणी घातलंच नाही. मग माझ्या ओरडण्याने काही झालं नाही ना? मला मरायच्या आत हे कळू दे."

फादर, कबुलीत मी तुम्हाला पाण्याचं सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. ते मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

मी थांबले होते.

तोवर ठोका होता. मंद होता, पण नाळेत बोटाला लागत होता, आणि आणखी मंदावत नव्हता. मी फुंकत होते आणि तो टिकून होता. तेवढ्यात बहीण किंचाळली. ते किंचाळणं मी तिच्या चौथीपासून ओळखते. मी बाळाला तसंच टेबलावर सोडून फडताळाकडे गेले. रुमालाला गाठ होती, ती सुटेना. भांडं घेऊन परत वळले तर बाळाचा रंग गेलेला, निळ्याचा राखाडी झालेला. त्या वेळी ओतलं असतं तरी चाललं असतं, अजून जीव होता. पण मी नर्स आहे. मी भांडं खाली ठेवलं आणि पुन्हा फुंकायला लागले. ठोका परत वर आलाच नाही. किती वेळ गेला असेल? चाळीस सेकंद, फार तर पन्नास. तेवढ्यात तिला ना हवा मिळाली ना पाणी. नुसतं फुंकत राहिले असते तरी एक काहीतरी झालं असतं. थेट पाणी घातलं असतं तरी एक झालं असतं. मी दोन्हीच्या मधे चालत होते.

ती जगली असती का? खरंच माहीत नाही. सहा आठवडे आधीची मुलं आमच्याकडे जगलेली आहेत.

हे मी तिला लिहिणार नाही. तिला पाच-सहा दिवस आहेत. तिला मी सोबतचं पत्र पाठवतेय, त्याची नक्कल तुमच्यासाठी ठेवलीय, म्हणजे मी काय केलं याबद्दल तुम्हाला शंका नको. मागच्या महिन्यात तुम्ही दिलेली क्षमा मी घेतली तेव्हा पुन्हा असं करणार नाही म्हणाले होते. महिना झाला नाही तोवर तेच करतेय, पूर्ण शुद्धीत, आणि याचा पश्चात्ताप मला होणार नाही. आज नाही आणि मरतानाही नाही. पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही, हे तुम्हीच शिकवता. तेव्हा मी जाईन त्या दिवशी तेल घेऊन धावत येऊ नका. मी खोटं खोटं "चुकले" म्हणणार नाही, तुमच्यापुढेही आणि त्याच्यापुढेही.

तिथे पोचल्यावर तिला सगळं कळेलच. कळू दे. तिथे म्हणे डोळ्यांतलं पाणी पुसलं जातं. तेव्हा तिला समजवायला मी तिथे कधीच नसेन, आणि त्याची मला भीती वाटते, फादर, खूप वाटते. लहानपणापासून जे शिकले त्यातलं बाकी सगळं कधी ना कधी विसरले, पण तो फळा नाही विसरले. तरी पत्र टपालात टाकलंय.

तुमची,
चौथ्या बाकावरची नर्स मावशी


२६ मार्च

धाकटे,

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते: नाही.

मी थांबले नाही. एकदाही नाही. तुझं ओरडणं मला ऐकू येत होतं आणि मी जागची हलले नाही. बाळ माझ्या हाताखालीच होतं, शेवटपर्यंत. ठोका सुरुवातीपासूनच मंदावत चालला होता, तू ओरडायच्या आधीपासून. ती जगणारी नव्हती. मी त्या खोलीत छत्तीस वर्षं काढली आहेत, मला कळतं.

तू काय मागितलंस, काय नाही, त्याने काहीही झालं नाही. आईने जे मागावं ते तू मागितलंस. मी ऐकलं नाही, एवढंच. तुझे सगळे हट्ट मी पुरवले, हा एक पुरवला नाही. त्याचा राग माझ्यावर काढ, स्वतःवर नको.

मदर, हे तिला दोनदा वाचून दाखवा. ती विचारेल तितक्या वेळा वाचा.

तुझी,
ताई